आठवणीतली पिल्लं

कोंबडीचं एक दिवसाचं पिल्लू चमकणाऱ्या कुठल्याही गोष्टीला चोच मारतं. बटण, नख, चष्म्याची काडी, शेजारच्या पिल्लाचा डोळा. याला जिज्ञासा म्हणतात. हेच माणसाने केलं तर चोंबडेपणा म्हणतात.

*

“बाहेर किती बसलेत?”

*

निळा मणी हरवलेला नव्हता. तो वरच्या ड्रॉवरमध्ये, स्टेपलरच्या पिना आणि सुकून दगड झालेल्या खोडरबराच्या शेजारी पडलेला होता, आणि तो तिथे आहे हे सगळ्यांना माहीत होतं.

*

दातांच्या डॉक्टरसमोर हसू नये. तो तुमचा आनंद बघत नाही.

*

नॉरॲड्रेनालिन हे मेंदूतलं एक रसायन. काही वाईट घडलं की ते पाझरतं आणि सांगतं, हे ठेव. पाझरलं नाही, तर घडलेलं थोड्याच वेळात न घडल्यासारखं होतं. म्हणजे डोक्यात एक कारकून बसलेला आहे आणि तो फक्त तक्रारी दाखल करून घेतो.

*

ताईच्या घरात हल्ली इतकी शांतता असते की फ्रीज थांबला की दचकायला होतं.

*

जावई हा दहावा ग्रह, असं जुने लोक सांगून गेले. उरलेले नऊ निदान आपापल्या कक्षेत फिरतात.

*

दहावा ग्रह म्हणजे माझे भाऊजी, ताईचा नवरा. हे नाव आप्पांनी, आमच्या वडिलांनी, लग्नाच्या बोलणीतच ठेवलं होतं. भाऊजी पक्ष्यांच्या स्मृतीवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेचे प्रमुख आहेत. मी तिथेच संशोधक आहे. मेव्हणीला चिकटवली, असं लोक म्हणतात. खरं आहे. माझी डॉक्टरेट त्यांच्यापेक्षा बऱ्या विद्यापीठाची आहे, हेही खरं आहे, आणि ते मी या ना त्या निमित्ताने ऐकवत असते. त्यामुळे माझ्याबरोबर चहाला कोणी येत नाही. होयबा सोडून.

होयबा हा आमचा तिसरा. त्याचं खरं नाव हजेरीपटावर असेल. तो भाऊजींना हो म्हणतो, मला हो म्हणतो, दारावर आलेल्या पाणीवाल्यालाही आधी हो म्हणतो आणि मग विचारतो, काय पाहिजे. एकदा भाऊजी आणि मी त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहून एकमेकांच्या अगदी उलट बोलत होतो, तर त्याची मान गोल फिरली.

आमची खोली लांबट आहे. खिडक्यांना काळा कागद. भिंतीकडेने पत्र्याचे खोके, प्रत्येकावर एक पिवळा बल्ब लोंबतो, उबेसाठी. प्रत्येक खोक्यात दोन पिल्लं. एकटं ठेवलं तर पिल्लू असं केकाटतं की शेजारच्या विभागातले मासेवाले संशोधक तक्रार करायला येतात. जोडीतल्या एकाच्या डोक्यावर पेनाने ठिपका. ओल्या खाद्याचा आणि शिटेचा वास कपड्यांत बसतो. बसमध्ये माझ्या शेजारची जागा बहुतेक रिकामी असते, आणि मला त्याची खंत नाही.

प्रयोग असा. तारेच्या टोकाला लाल मणी लावायचा, कडू द्रवात बुडवायचा आणि पिल्लासमोर धरायचा. पिल्लू टोचतं. मान झटकतं, चोच जमिनीला पुसतं, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही येतं जे पहिल्यांदा बघणाऱ्याला विनोदी वाटतं. नंतर तोच मणी दाखवला की ते मागे सरकतं. लक्षात राहिलं.

आता कडूपणा पातळ करायचा. पिल्लाला तेवढ्यापुरतं ओंगळ वाटतं, पण डोक्यातला कारकून उठत नाही, रसायन पुरेसं पाझरत नाही, आणि संध्याकाळी ते त्याच मण्याला पुन्हा आनंदाने टोचतं. विसरलं. मग असं औषध शोधायचं, जे दिल्यावर पातळ कडूसुद्धा संध्याकाळपर्यंत लक्षात राहील. सापडलं, की स्मृती वाढवणारं औषध सापडलं. एवढंच शास्त्र. उरलेला सगळा पडद्यावर चित्रं दाखवण्याचा उद्योग.

भाऊजींना सापडलं. तेवीस नंबर. तेवीस दिलेली पिल्लं संध्याकाळी लाल मण्याला टोचत नव्हती.

तेव्हा निळा मणी ड्रॉवरमध्ये गेलेला नव्हता. तो नुसत्या पाण्यात बुडवलेला असतो, त्याने कुणाचं वाकडं केलेलं नसतं. शहाणं पिल्लू लाल टाळतं आणि निळा टोचतं. म्हणजे त्याला नेमकं काय कडू होतं ते आठवतं. आमची तेवीसवाली पिल्लं निळ्यालाही टोचत नव्हती.

“सर,” मी म्हणाले. प्रयोगशाळेत मी त्यांना सर म्हणते, घरी भाऊजी. “निळ्याकडेही बघत नाहीयेत.”

“सावध झालीत.”

“निळ्यापासून कशाला सावध होतील?”

“अगं, दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. आठवण इतकी घट्ट बसली की ती पसरली. हा तर आणखी मोठा निष्कर्ष!” ते खुर्चीत मागे रेलले. भाऊजींच्या खुर्चीमागे भाऊजींचाच फोटो आहे, पारितोषिक घेताना. त्यामुळे त्यांच्याशी बोलताना आपण दोघांशी बोलतो आणि दोघेही ऐकत नाहीत. “निळा मणी म्हणजे नुसता फापटपसारा. वेळ खातो. काढून टाका.”

“हो,” होयबा म्हणाला.

“आणि तक्त्यात ते ‘टोचलं’, ‘नाही टोचलं’ असं काय लिहिता? भाजी निवडताय का? ‘विसरलं’, ‘आठवलं’ असं लिहा.”

“हो.”

शब्द बदलला आणि शोध लागला. जे टोचत नाही त्याला आठवतं. आठवड्याभरात सगळ्यांच्या जिभेला सवय झाली. होयबा दारातूनच ओरडायचा, “आज आठवणीतली किती?” आणि सफाईवाली बाईसुद्धा म्हणायची, “ही कोपऱ्यातली दोन आठवणीतली दिसतात, केव्हाची हललेली नाहीत.”

निळ्याबद्दल मी पुन्हा बोलले नाही. लेखावर माझंही नाव येणार होतं, आणि स्वतःचं नाव कुणाला कडू लागत नाही.

*

आप्पांच्या शिव्या, जशा आठवतात तशा:

माझ्या मावशीला, कवळी बसवताना: “तोंड बंद ठेवायचा सराव कर, बसेल.”

पेढीवरच्या शेटजींना: “दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. तुझं भरलेलं दिसतंय.”

एका पुढाऱ्याला: “आ कर. इतका नको. भाषण नाहीये.”

भाऊजींना, साखरपुड्यात, त्यांनी आपल्या संशोधनाची माहिती दिल्यावर: “म्हणजे कोंबडीला फसवून पदवी मिळते?”

मला: “तुझे दात सरळ आहेत. बाकी सगळं वाकडं.”

ताईला काय म्हणायचे ते आठवत नाही. ताईला बहुतेक कामच सांगायचे.

*

आप्पांनी चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात डोकावून काढली. मग हळूहळू माणसं विसरायला लागली. आधी नावं गेली, मग नाती. एका पेशंटची चांगली दाढ उपटायला निघाले तेव्हा दवाखाना बंद केला आणि ताई त्यांना आपल्या घरी घेऊन गेली. मी नेलं नाही. माझं घर लहान होतं, माझं काम मोठं होतं. नेहमीचीच कारणं, आणि त्यांतलं एकही खोटं नव्हतं.

ताईच्या घरी त्यांचा एकच प्रश्न उरला. पांढरा डगला घालून खुर्चीत बसायचे आणि विचारायचे, “बाहेर किती बसलेत?”

कोणी नाही म्हटलं तर संतापायचे. “कोणी नाही? दवाखाना आहे की स्मशान?” पाच-सहा सांगितले तर लगबगीने हात धुवायला उठायचे आणि मोरीत काय करायला आलो ते विसरून तिथेच उभे राहायचे, नळ सोडून. मग पुन्हा खुर्ची, पुन्हा तेच. ताई पूर्वी विमा कंपनीत होती. आता घरूनच काही फायली बघायची, आणि प्रत्येक ओळीच्या मध्ये, बाहेर किती बसलेत. सांगून सांगून तिच्या दातांच्या कण्या झाल्या होत्या.

मी महिन्यातून एकदा जायचे, पाहुण्यासारखी. फळं घेऊन. ताई फळं फ्रीजवर ठेवायची आणि म्हणायची, “बस. आज तू उत्तरं दे.” मी तासभर द्यायचे आणि घरी येऊन दोन दिवस पुण्यवान असल्यासारखी वागायचे.

त्या महिन्यात गेले तर दार उघडल्याउघडल्या काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. आवाजच नव्हता. आप्पा खुर्चीत होते. डगला होता, इस्त्रीचा. हात मांडीवर, तळवे वर.

“आप्पा, मी आलेय.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बरीच वर्षं न उघडलेल्या खोलीकडे बघावं तसं. मग नजर खाली गेली.

“किती छान झालेत बघ,” ताई म्हणाली. तिने केस कापून घेतले होते, साडीला मॅचिंग काहीतरी होतं, घरात फुलदाणी होती. “आता विचारतच नाहीत. आठवतं त्यांना, दवाखाना बंद झालाय, बाहेर कोणी नाहीये.”

“आठवतं म्हणाले?”

“म्हणायला कशाला पाहिजे? विचारत नाहीत म्हणजे आठवतंच ना!”

हे वाक्य मी कुठे ऐकलंय हे कळायला मला काही वेळ लागला नाही. भाऊजी आतल्या खोलीतून चहाचा कप घेऊन आले. घरी ते लुंगीत असतात, तरी फोटोतल्यासारखेच उभे राहतात.

“पाहिलंस, मेव्हणीबाई? कोंबडीपासून माणसापर्यंत. मध्ये लोक वीस-वीस वर्षं घालवतात.”

“तुम्ही आप्पांना तेवीस देताय?”

“ओरडू नकोस, त्यांना त्रास होतो. तेवीस म्हणजे काय विष आहे का? खोकल्याचं औषध आहे ना बाजारात, त्याचाच भाऊ.”

“सख्खा नाही. सावत्र. आणि त्या घरातली भांडणं अजून कुणी तपासलेली नाहीत.”

“सकाळी चार थेंब, संध्याकाळी चार,” ताई मध्येच म्हणाली, जणू मी पाककृती विचारली होती. “दुधातून घेतात. तोंडसुद्धा वाकडं करत नाहीत.”

*

चोच मारणारा प्राणी चोच मारत नाही, याची कारणं:

त्याला आठवतं.

त्याला दिसत नाही.

त्याला भूक नाही, झोप आहे.

त्याला आता काहीच नको आहे.

भाऊजींच्या तक्त्यात या चारही कारणांना मिळून एकच रकाना होता.

*

दुसऱ्या दिवशी मी ड्रॉवर उघडला. निळ्या मण्याला खोडरबराचा कचरा लागला होता, तो धुतला. होयबाला म्हटलं, “मदत करणार का?” तो हो म्हणाला. “सरांना सांगणार का?” तर म्हणाला, हो. निदान प्रामाणिक आहे.

आम्ही सकाळी पिल्लांना पातळ कडू दिलं, अर्ध्यांना तेवीस, अर्ध्यांना नुसतं पाणी. संध्याकाळी आधी लाल दाखवला. पाणीवाल्यांनी टोचला, विसरलेली होती बिचारी. तेवीसवाल्यांनी टोचला नाही. मग निळा. पाणीवाल्यांनी त्यावर झडप घातली. तेवीसवाल्यांच्या समोर मी तो मणी धरला, हलवला, चोचीला लावला. पापणी खालून वर सरकली. पक्ष्यांची तशीच सरकते. बस्स. मग मी दाणे टाकले. जोडीतली दोन्ही पिल्लं दाण्यांत उभी होती आणि दाणे त्यांच्या पायांवर. पेनाचं टोपण दाखवलं, अंगठी दाखवली. एक पिल्लू उभ्या उभ्या झोपलं आणि हळूच कलंडून जोडीदाराला टेकलं. तेही हललं नाही.

चमकणाऱ्या गोष्टीला न टोचणारं एक दिवसाचं पिल्लू मी जन्मात पाहिलं नव्हतं. म्हणजे पाहिलं होतं, महिनोन्महिने, रोज. तक्त्यात मी स्वतःच त्याच्यापुढे लिहीत होते: आठवलं.

“आठवणीतली आहेत,” होयबा सवयीने म्हणाला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याच्या कपाळावर पहिल्यांदाच एक आठी आली. “मॅडम, ही तर गुंगलीत.”

“हो,” मी म्हणाले. एकदा तरी मीच म्हणायला पाहिजे होतं.

तेवीस रसायन वाढवत नव्हतं, दाबत होतं. कारकुनाला उठवत नव्हतं, टेबलावर डोकं टेकवून झोपवत होतं. हे कळायला मोठं यंत्र लागत नाही, एक निळा मणी लागतो. शितावरून भाताची परीक्षा करावी हे ठीक, पण शीत भाताचं आहे की भिंतीच्या चुन्याचं एवढं तरी बघावं.

भाऊजींना बोलावून आणलं. ते खोक्यावर वाकले. पिल्लाने त्यांच्या घड्याळाकडेही पाहिलं नाही.

“अतिसावध,” ते म्हणाले.

“भाऊजी, दाणा खात नाहीये ते.”

“इथे सर म्हण.”

“सर, ते दाणा खात नाहीये. तुमच्या हिशेबाने मेलेल्या पिल्लाची स्मृती सगळ्यात दांडगी.”

“लेख गेलेला आहे,” भाऊजी म्हणाले. विषय संपला अशा आवाजात, म्हणजे त्यांच्या नेहमीच्या आवाजात. मग थोडं खाली येऊन, “तुझंही नाव आहे त्यावर. विसरलीस?”

“नाही. टोचतंय.”

*

आप्पा उघड्या तोंडासमोरून कधीही तसेच गेलेले नाहीत. लग्नाच्या पंक्तीत, सभेत, अंत्यदर्शनाच्या रांगेतसुद्धा कुणी जांभई दिली तरी ते थांबायचे. नावं गेली, माणसं गेली, तरी हे गेलं नव्हतं. मागच्या महिन्यापर्यंत मी गाल धरून समोर बसले की ते पुढे सरकायचे, माझी हनुवटी दोन बोटांत पकडायचे आणि म्हणायचे, “आ कर. आता रडतेस, गोड खाताना कुठे गेली होतीस?” मी कोण, हे त्यांना माहीत नसायचं. माझी दाढ मात्र त्यांच्या ओळखीची होती.

तर मी थेट ताईकडे गेले, चपला न काढता, आणि आप्पांसमोर स्टूल ओढून बसले. गाल धरला.

“डॉक्टर, दाढ ठणकतेय.”

ते बघत होते.

मी तोंड उघडलं. पूर्ण, भाषणाएवढं. खिडकीतून मावळतीचं ऊन येत होतं, ते थेट माझ्या जबड्यात पडत असणार. मी वाट पाहिली. जबडा दुखायला लागला. आप्पांची नजर माझ्या तोंडाशी आली, दातांवरून फिरली, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, आणि पुढे खिडकीच्या गजांवर गेली, तितक्याच वेगाने. मग त्यांनी डोळे मिटले.

मी तोंड मिटलं.

“काय चाललंय तुझं?” ताई दारात उभी होती.

“आठवत-बिठवत काही नाहीये त्यांना, ताई. औषधाने गुंगी येते. आमची पिल्लंही अशीच बसतात. दाणासुद्धा टिपत नाहीत. ते विचारत नाहीत, कारण त्यांच्यात विचारणारं कोणी जागं नाहीये. तुझ्या नवऱ्याने चूक केलीय, आणि ती चूक तो दुधातून पाजतोय.” मी बाटली मागितली. “कुठे ठेवतो तो?”

“तो नाही ठेवत. मी ठेवते.”

“तेच. दे इकडे.”

“तुला कोण म्हणालं त्याने आणली?” ताई आत आली. तिने आप्पांच्या मांडीवरची चादर सरळ केली, बोलता बोलता, न बघता. “मी मागितली. त्याच्या बॅगेत तुमच्या त्या पिल्लांचा व्हिडिओ पाहिला. म्हणजे बॅगेत नाही, लॅपटॉपवर. तो मला दाखवत होता, बघ कशी आठवण राहिलीय. मला आठवण-बिठवण काही दिसली नाही. मला दिसलं, गप्प बसलीत.”

बोलायला डॉक्टरेट पुरेना.

“मला काय डोळे नाहीत? माझा बाप आहे तो. गुंगलाय की शहाणा झालाय, हे मला कळत नाही?” तिचा आवाज चढला नाही, हे सगळ्यात वाईट. “तो दहावा ग्रह खुश आहे, त्याला शोध लागला. तू खुश आहेस, तुला त्याची चूक सापडली. मला झोप लागते. तिघांचं बरं चाललं होतं.”

“मी हे चालू देणार नाही.”

“नको देऊस ना!” ती हसली. हसेल त्याचे दात दिसतील, आप्पा म्हणायचे; तिचे दिसले. “आलीस महिन्यातून एकदा, संत्री घेऊन. तोंड उघडून बसलीस, परीक्षा घेतलीस, नापास केलंस. आता उत्तरं कोण देणार? मेंदूतली रसायनं देणार? उद्यापासून ते पुन्हा विचारणार. जेवताना, फोनवर असताना, मी मोरीत असताना दारावर थापा मारून. बाहेर किती बसलेत. सांग, किती बसलेत?”

तेवढ्यात भाऊजी आले. दारातच म्हणाले, “काय हे, मेव्हणीबाई, घरापर्यंत प्रयोगशाळा आणलीत?”

“गप्प बसा,” आम्ही दोघी एकदम म्हणालो. लहानपणापासून आमचं एकमत झाल्याचा दुसरा प्रसंग आठवत नाही.

ताईने आत जाऊन बाटली आणली. बाटलीबरोबर पिशवीही आणली: दोन डगले, पायजमे, दाढीचं सामान. इतक्या लवकर भरली की ती कधीपासून भरलेलीच असावी असं वाटलं.

“दोन्ही ने,” ती म्हणाली. “नाहीतर दोन्ही ठेव.”

आप्पा डोळे मिटून बसले होते. त्यांचा खालचा ओठ थोडा सुटला होता आणि कोपऱ्यातून दुधाचा पांढरा ओघळ सुकला होता. चार दशकं दुसऱ्यांच्या ओघळांना कापूस लावणारा माणूस. मी खिशातला रुमाल काढला. रुमालाला पिल्लांचा वास होता.

मी दोन्ही उचललं.

*

भाऊजींचं वाईट झालं नाही. अशा लोकांचं होत नाही. लेख त्यांनी मागे घेतला आणि लगेच दुसरा लिहिला: तेवीस नंबर हे पिल्लांना ट्रकमधून नेताना शांत ठेवणारं उत्तम औषध आहे. पिल्लं कलकल करत नाहीत, एकमेकांना टोचत नाहीत. कुक्कुटपालकांच्या मेळाव्यात त्यांचा सत्कार झाला. खुर्चीमागे आता दोन फोटो आहेत. तक्त्यात होयबा आता ‘शांत’ आणि ‘अशांत’ असं लिहितो.

“तुझी ताई हल्ली दुपारचीसुद्धा झोपते,” भाऊजींनी मला कॉरिडॉरमध्ये गाठून सांगितलं. “औषधाशिवाय.” यात टोमणा होता की कौतुक, हे त्यांनाही ठरवता आलं नसावं. मी सर म्हटलं आणि पुढे गेले.

आप्पांची गुंगी हळूहळू उतरली. आधी चमचा पकडायला लागले. मग चमच्याकडे बघून नाक मुरडायला लागले. माझं घर एका खोलीचं आहे. त्यात त्यांची खुर्ची, माझं टेबल आणि एक पलंग. मी गादी घालून खाली झोपते. मी कामावर असते तेव्हा खालच्या मजल्यावरची नर्सबाई बसते. तिला ते “नवीन पोरगी” म्हणतात. तिचं वय साठ आहे.

एका सकाळी मी दात घासत उभी होते, तोंडात फेस, आणि मागून आवाज आला. घोगरा, बराच काळ न वापरलेला.

“घासतेस की नुसती रंगरंगोटी?”

मी वळले. ते खुर्चीतून पुढे वाकले होते आणि दोन बोटं हवेत धरली होती, माझ्या हनुवटीच्या मापाची. मी जवळ गेले. त्यांनी फेसासकट हनुवटी पकडली, मान उजेडाकडे फिरवली, आत बघितलं.

“मागच्या दाढा घासतच नाहीस. कोणी शिकवलं?”

“तुम्ही.”

“मग मूर्ख आहे तो.”

हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं संशोधन. छापण्याजोगं नाही. पुढचा काही वेळ मी मोरीच्या दाराला टेकून उभी होते, आणि मला वाटतं मी रडलेही असेन, पण फेस डोळ्यांत गेला होता असं मी नर्सबाईला सांगितलं.

मग ते विचारू लागले.

पहिल्या दिवशी मी प्रेमाने सांगितलं. दुसऱ्या दिवशी शास्त्रीय पद्धतीने: कुठल्या उत्तराला ते किती वेळ टिकतात ते बघायचं ठरवलं. एकही उत्तर टिकत नाही. कोणी नाही म्हटलं तर, “मग तू कशाला बसलीस इथे, ऊठ.” एक म्हटलं तर, “त्याला आत घे.” पुष्कळ म्हटलं तर डगल्याची बटणं लावता लावता हात थरथरतात, आणि मला त्यांचे हात धरावे लागतात, आणि ते विचारतात मी कोण. आठवड्याच्या शेवटी मी ओरडले. बाहेर कोणी नाहीये, आप्पा, कोणी येणार नाहीये, दवाखाना विकलाय! ते माझ्याकडे इतक्या तुच्छतेने बघत राहिले की मला वाटलं, चला, आता काहीतरी नीट पाझरलं, हे तरी राहील. थोड्या वेळाने त्यांनी डगल्याची बाही झटकली आणि विचारलं, बाहेर किती बसलेत.

बाटली ओट्याच्या वरच्या फळीवर आहे, काड्यापेटीच्या मागे. अजून अर्धी भरलेली. मी ती ओतून टाकलेली नाही. दूध तापवताना हात तिकडे जातो. मग मी काड्यापेटी घेते, गॅस आधीच पेटलेला असला तरी, आणि खाली ठेवते.

“तीन,” मी ओट्यापाशी उभी राहून सांगते. “तीन बसलेत. एक बाई, एक म्हातारा, एक भित्रा.”

“भित्र्याला आधी घे,” आप्पा म्हणतात. “नाहीतर पळून जाईल.”

ताईच्या चारही अक्कलदाढा आप्पांनी एकाच दुपारी काढल्या होत्या. मला त्या आल्याच नाहीत.